घरट्यातला चिखल

पूर्वी वेत्रवती नगरीवर दीर्घबाहू राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या नदीकाठी सुगरण पक्ष्यांच्या कुळात जन्माला आला. बाभळीच्या एकाच फांदीला त्या थव्याची सगळी घरटी पाण्यावर लोंबत होती. बोधिसत्त्वाचे घरटे अगदी टोकाला, अर्धे विणलेले. शेजारच्या घरट्यात त्याचा मित्र पीतक राही. पीतकाची जोडीदारीण चित्रा तिथे अंडी उबवीत होती.

सुगरणींची एक रीत आहे. घरटे वाऱ्याने हलू लागले की ते आतून ओल्या चिखलाने लिंपायचे, म्हणजे जड होऊन स्थिर राहते. त्या वर्षी घरटी फारच हलत होती. त्यामुळे सगळे पहाटेपासून चिखल वाहत, कोणाला मान वर करायला सवड नसे.

बोधिसत्त्व मात्र दुपारी काम टाकून पलीकडच्या उंबरावर जाऊन बसे. सुरुवातीला त्याच्या डोक्यात घरटेच घोळे. हळूहळू मन निवले, 'माझे, माझे' हा घोषही थांबला. तेव्हा त्याला समोरची फांदी दिसली. ती पुराच्या पाण्याकडे वाकत चालली होती.

तो परत येऊन म्हणाला, "बाबांनो, चिखल पुरे! त्याच्याच भाराने फांदी वाकून झोके घेते आहे, म्हणून घरटी हलतात."

पीतक फणकारला, "स्वतः नुसतं बसायचं आणि वर आम्हाला अक्कल शिकवायची! माझी पोरं आहेत या घरट्यात."

"म्हणून तर सांगतोय रे. घटकाभर चल माझ्याबरोबर."

"मला मरायला फुरसत नाही!"

आतून चित्रा म्हणाली, "अहो, जा बरं एकदाचे. तुमच्या चिखलापायी मला बसायला जागा उरली नाही."

पीतक कुरकुरत उंबरावर गेला. थोडा वेळ बडबडला, मग त्याने समोर पाहिले. त्याच्या घरट्याचे तोंड पाण्याला टेकायला आले होते.

"अरे देवा! मीच माझी पोरं बुडवायला निघालो होतो!"

तो झपाट्याने उडत परतला आणि चोचीने चिखल उकरू लागला. त्याला पाहून बाकीचेही उकरू लागले. तरी फांदी पुरेशी वर येईना. तेव्हा बोधिसत्त्वाने आपले घरटे सोडवून नदीत जाऊ दिले. फांदी वर आली.

पीतकाचे डोळे भरले. "तुझं घर गेलं की रे!"

"विणीन पुन्हा," बोधिसत्त्व म्हणाला, आणि खुशाल पंख साफ करीत बसला.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, समोर थापी घेऊन बसलेल्या भिक्षूकडे पाहून म्हणाले, "विहाराच्या बांधकामापायी ध्यान सोडून बसलेला हा भिक्षू तेव्हा पीतक होता. त्याला आज माझ्याकडे पाठवणारी भिक्षुणी चित्रा होती, आणि उंबरावर बसणारा पक्षी मीच. लोक उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष समजतात. पण माया न सोडता गुंत्यातून बाजूला होऊन पाहणे, ही खरी उपेक्षा. ती पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला न्यायचा गुण, मी त्या जन्मी आचरली."

ते ऐकून भिक्षूने हातातली थापी खाली ठेवली आणि तो डोळे मिटून बसला.