टिटवीच्या आईचा आवाज

जंगलात रेडिओ होता तेव्हाची गोष्ट. तो घुबडकाका चालवायचे आणि जुने आवाज भोपळ्यांत भरून, वर मेण लावून ठेवायचे.

टिटवी रोज यायची. "काका, माझी आई गेली. तिचा आवाज एकदा ऐकवा ना."

"वापरला की झिजतो," काका म्हणायचे.

एकदा साळुंक्यांचा थवा तिच्यासोबत आला. "भोपळा तुमच्याकडेच राहू दे. आम्ही एकदा ऐकून पाठ करतो, मग लागेल तिथे ऐकवतो."

आत काय होतं ते काकांनाही आठवत नव्हतं. त्यांनी मेण काढलं.

"टिटे, चिखलाचे पाय घेऊन घरात येऊ नकोस."

एवढंच होतं.

आता कुणाचेही पाय चिखलाचे दिसले, की साळुंक्या त्याच आवाजात रागावतात. बाकीचे मुकाट्याने पाय धुतात. टिटवी मात्र सकाळी उठल्याबरोबर चिखल शोधायला निघते.