आखाताचं बारसं

एक होता राजा. त्याच्या राज्यात शेतं होती, डोंगर होते आणि एक मोठं आखात होतं. आखात म्हणजे काय? समुद्र जमिनीच्या कुशीत शिरून निजतो ना, ती जागा. पण हे आखात निजायचं कुठलं! भर दुपारीसुद्धा आतून रडण्याचा आवाज यायचा. कुठलीही होडी ते आत राहू द्यायचं नाही. त्यामुळे आत काय आहे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला नावही नव्हतं.

मग राजानं दवंडी पिटवली, जो आखात पाहून येईल, त्यानं त्याचं नाव ठेवावं.

आधी निघाला एक सरदार. गलबत मोठं, मिशा त्याहून मोठ्या. त्यानं तोफ उडवली आणि ओरडून सांगितलं, आजपासून तू रणसागर. नाव मोठं आणि लक्षण खोटं! आखातानं गलबत उचललं आणि दिलं चिखलात भिरकावून. पण सुंभ जळला तरी पीळ जातो का? चिखलात बसूनसुद्धा हा मिशाच पिळत होता म्हणे.

मग निघाला एक व्यापारी. त्यानं पाण्यात गुळाच्या ढेपी सोडल्या आणि लाडीगोडी लावत म्हणाला, तू सोनसागर. आखातानं गूळ खाल्ला आणि व्यापाऱ्याला काठावर आणून टाकलं.

मग निघाला धाकू तांडेल. तांडेल म्हणजे होडीवरचा म्होरक्या. हा शहाणा माणूस, बरं का. दोराला शिसं बांधायचा, ते पाण्यात सोडून खोली बघायचा आणि मगच पुढे सरकायचा. असं करत करत अख्खं आखात फिरला. असा फिरणारा पहिला तोच. पण परत निघाला, तर पाणी होडी सोडेना. तिथंच गरगर फिरवायला लागलं. होडीतलं प्यायचं पाणी संपत आलं.

धाकूची बायको शेवंती टेकडीवरून बघत होती. तिच्या जिवाचं पाणी पाणी झालं. ती खाली काठावर आली आणि कान देऊन ऐकत बसली. जावांची, नणंदांची पोरं तिनं खेळवलेली. तिला हे रडणं ओळखीचं वाटलं. अगंबाई, हे तर बारसं राहिलेलं पोर!

आता मला सांगा, बारशाला नाव कोण ठेवतं? सरदार ठेवतो? व्यापारी ठेवतो? नाव ठेवते आत्या. हे आखात समुद्राची लेक. आणि शेवंतीला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून ती दर नारळी पौर्णिमेला समुद्रालाच राखी वाहायची. मग आत्या कोण झाली? हं, बरोबर.

मग शेवंतीनं घुगऱ्या शिजवल्या, काजळाची डबी घेतली आणि छोट्या होडीतून एकटीच आत शिरली. शेंडीसारख्या उभ्या खडकाला तिनं काजळाची तीट लावली. घुगऱ्या पाण्यावर सोडल्या. पुढे खडकात एक कपार होती, लाट आत जायची, बाहेर यायची. तोच आखाताचा कान.

पण नाव काय ठेवायचं? शेवंतीजवळ एकच नाव होतं. तिच्या घरी पाळणा कधी हललाच नव्हता, पण लेकीसाठी एक नाव तिनं मनात जपून ठेवलं होतं. धाकूलाही सांगितलं नव्हतं. ते देऊन टाकलं, तर आपल्याकडे काय उरणार? तिला फार वाईट वाटलं. मग तिनं जवळच गरगरणाऱ्या होडीतल्या धाकूच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिलं, कपारीशी वाकली आणि म्हणाली, "कुर्रर्र... मंजुळा. माझ्या लेकीसाठी ठेवलं होतं गं. आता तुझं."

रडणं थांबलं. पाणी शांत झालं आणि धाकूची होडी अलगद शेवंतीच्या होडीला येऊन लागली.

मग राजानं सगळीकडे कळवलं, हे मंजुळेचं आखात. धाकूनं तांडेलांना त्यातल्या वाटा शिकवल्या. वादळ आलं की होड्या मंजुळेकडे धावायच्या आणि ती सगळ्यांना पोटाशी घ्यायची. केवढी गुणाची पोर!

शेवंती म्हातारी झाली. परगावचं कुणी विचारायचं, लेकरं किती हो तुम्हाला? ती पाण्याकडे बोट करायची.

"एकच लेक. पण केवढी मोठी झाली, बघा."

मग सगळे सुखात राहिले. आता मिटा बरं डोळे. मंजुळासुद्धा कधीच निजली.