पालकसभेत वाचायची यादी

“तेहेतीस नावं सापडलीत, गुरुजी. आता तुम्हीच सांगा, झाकून ठेवू की पालकसभेत वाचू?”

मुख्याध्यापक विश्रामराव शेडगे यांनी विचारलं खरं, पण उत्तराची त्यांना गरज नव्हती. उद्या दहाला पालकसभा होती आणि यादी तिथे वाचायची हे ठरलेलंच होतं. शाबासकी तेवढी घ्यायची राहिली होती, म्हणून ते आपल्या जुन्या गुरुजींच्या अंगणात आले होते.

तळेकर गुरुजी वालाच्या शेंगा सोलत होते. ऐंशी उलटली होती, पण नखं अजून शाबूत होती.

“कसली नावं?”

“शाळेच्या टॅबवर मी व्हिडिओ बंद केले. पोरं नको नको ते बघत बसायची. तरीही शोधतातच. पण कुणी काय शोधलं, किती वेळा शोधलं, ते सगळं माझ्या या टॅबवर उमटतं. माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही.”

“बंद केलंस ते बरं केलंस. दाराला कडी असावी.”

विश्रामरावांची छाती फुगली. त्यांनी टॅब पुढे केला.

गुरुजींनी चष्मा चढवला. कुस्त्या, गाणी, भुताच्या गोष्टी... ते गालातल्या गालात हसत होते. मग बोट एका ओळीवर थांबलं.

“केतकी म्हात्रे. सातवी. ‘बोलताना अडखळणे, उपाय.’ अकरा वेळा...”

“बघा! तेही गणिताच्या तासाला.”

“काय होतं त्या व्हिडिओत?”

“मी कशाला बघू?”

“मग अडवलास का?”

“व्हिडिओ होता म्हणून.”

“हं... उद्या तिची आई येईल?”

“आई, काका, सगळी आळी येईल.”

“आणि तू हे मोठ्याने वाचशील.”

“शिस्त म्हणजे शिस्त, गुरुजी.”



गुरुजींनी उपरण्याचं टोक तांब्यात बुडवलं, पिळलं आणि टॅबची काच पुसायला घेतली.

टॅब बिचारा गांगरला. यादी वरखाली पळाली, मधेच कॅमेरा उघडून त्यात शेंगा दिसू लागल्या.

“अहो, पाणी! ही काय पाटी आहे पुसायला?”

गुरुजी पुसतच राहिले.

टॅब ओढायला पुढे झालेला विश्रामरावांचा हात तिथेच थांबला. ओलं उपरणं आणि गोल फिरणारी ती बोटं त्यांनी आधी पाहिली होती. पाचवीत.

तेव्हा दर शनिवारी गुरुजींच्या वर्गात एक रिवाज असे. जे चारचौघांत विचारता येत नाही, ते पाटीवर लिहायचं आणि पाटी पालथी घालून टेबलावर ठेवायची. गुरुजी एकटेच वाचत, आपल्या हाताने पुसत आणि कोरी पाटी परत देत. एका शनिवारी विश्रामने लिहिलं होतं, ‘मी बोलताना अडकतो. मुलं चिडवतात. मला शाळा सोडायची आहे.’

गुरुजींनी त्याबद्दल कुणापाशी चकार शब्द काढला नाही. फक्त सोमवारपासून शाळा सुटली की त्याला विहिरीपाशी बसवून मोठ्याने वाचायला लावलं. वर्षभर. आता तालुक्याच्या सभेत विश्रामराव बोलायला उभे राहिले की लोकांनाच त्यांना आवरावं लागतं.

त्यांना स्वतःची लाज वाटली. अगदी कानापर्यंत.

“गुरुजी... माझ्या पाटीवर काय होतं, आठवतं?”

“कुठली पाटी?”

गुरुजींनी नवी शेंग उचलली.

विश्रामराव हसले. कितीतरी दिवसांनी असं मोकळं हसले. टॅब सदऱ्याला कोरडा केला, यादी काढून टाकली आणि मुलांची नावं उमटवणारी सोयही बंद केली.

“गेली यादी. कडी मात्र राहू देतो.”

“राहू दे. तो एक व्हिडिओ आधी तू बघ.”

“बघतो. पण गुरुजी, मी तर सगळं वाचून बसलोय. केतकी समोर आली की ते अकरा वेळा मला आठवणारच. माझ्या डोक्यातलं कसं पुसू?”

गुरुजींनी शेंग सोलून दाणे सुपात टाकले.

“तिला शिकव,” ते म्हणाले. “शिकवता शिकवता पुसलं जातं.”