बाळाला हळद न लावणारं गाव

जाणाईच्या देवळापुढची ही काळी शिळा बघा. हिला ना शेंदूर, ना फूल. ही बाळं धुवायची शिळा. आमच्या आंबोऱ्यात घरोघर हळद शिजते, पण तान्ह्या बाळाला कुणी चिमूटभर लावत नाही. त्यामागे भामाची गोष्ट सांगतात.

भामाला नवसाने मुलगा झाला. थोरली जाऊ सगुणा, तिची कूस उजवली नव्हती, त्यामुळे भामाचा जीव सदा टांगणीला. ही पाळण्यापाशी सारखी का येते? बाळाच्या डोळ्यांत वाकून काय बघते? बाळ दूध ओढेनासं झालं, तेव्हा तर जावेची नजर लागल्याची तिची खात्रीच पटली. संशय एकदा घरात शिरला की जिकडे बघावं तिकडे पुरावेच दिसतात.

"भामे, पोर पिवळं पडलंय गं," सगुणा म्हणाली.

"हळदीच्या गावात पोर पिवळं नाही दिसणार तर काय हिरवं? तुमची सावली नको माझ्या लेकरावर!"

तिने दार लावून घेतलं, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि बाळाला हळद-तेल आणखीच चोळलं. बाळ रडेनासं झालं, झोपूनच राहू लागलं. भामाला वाटलं, उतारा लागू पडला.

एका सकाळी भामा न्हाणीत असताना सगुणाने बाळाला उचललं आणि या शिळेवर आणलं म्हणे. भामा ओल्या केसांनी किंचाळत धावली, मागे सारा गाव. काहींनी तर दगड उचलले होते. सगुणा मान वर न करता बाळाला धूत राहिली. हळद वाहून गेली, बाळ पिवळंच राहिलं. मग तिने त्याची पापणी उघडली. डोळ्याचं पांढरंसुद्धा पिवळं.

"इथं कुणी हळद लावली गं, सांग!"

वैद्याने पोर वाचवलं, पण उशीर झाला होता. त्याला जन्मभर ऐकू आलं नाही. भामा मागून हाका मारायची, तो वळायचा नाही. तेव्हा तिने जाणाईपुढे गावाकडून तान्ह्याला हळद न लावण्याची शपथ घेतली.

आजही बारशाआधी बाळ या शिळेवर येतं. आता दवाखाना आहे, नर्सबाई घरी येतात, तरी येतं. त्याला धुऊन डोळे बघायचा मान मूल नसलेल्या बाईचा. नात्याने ती कुणीही असो, आईने हात जोडून तिला म्हणायचं असतं, "जाऊबाई, नीट बघा."