थाळी कोणाच्या डोक्यात?

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्यातल्या नदीचे नावही आता कोणाला आठवत नाही.

त्या नदीच्या एका काठाला मोठे गाव होते. दुसऱ्या काठाला टेकडीखाली फक्त तीन घरे होती. तिथे ना वैद्य, ना बाजार. कोणाला काही लागले, तर त्या घरातली बाई वाळूत उभी राहून पितळेची थाळी बडवायची. थाळी ऐकली की नावाड्याने हातातला घास टाकून निघायचे, असा रिवाज होता. आणि गावाचा नावाडी तो कसोशीने पाळायचा.

एकदा त्याने नवी नाव पाण्यात सोडली. अशा वेळी मोहाच्या दारूची एक ओंजळ नदीला आणि एक नावाड्याला, अशी पद्धत होती. नदीने आपली ओंजळ घेतली. नावाड्याने आपली घेतली. मडके मात्र भरलेलेच होते. त्याला वाटले, एवढी चांगली नाव झाली, आज कोण विचारतो? तो आणि त्याचा मेव्हणा मडक्याचा तळ दिसेपर्यंत पीत बसले.

सकाळी उन्हाने त्याला जाग आली. जीभ सुकलेली, पोट ढवळलेले, आणि कपाळात ठणठण ठणठण आवाज.

"मेलो रे," तो कण्हला. "डोक्यात कोणीतरी थाळी बडवतंय."

मेव्हणा शेजारीच आडवा होता. डोळे न उघडता तो म्हणाला, "नशीबवान आहात, दाजी. माझ्या डोक्यात तर ढोल वाजतोय. काट्यानं काटा काढा. मडक्यात घोटभर असेल बघा."

नावाड्याने तो घोट घेतला. ठणठण थांबली नाही. मेव्हण्याच्या सांगण्यावरून कालचा तिखटजाळ रस्साही प्यायला, पण तो सगळा उलटीत बाहेर पडला. शेवटी त्याने कानात कापूस कोंबला, वरून फडके आवळले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

दुपारच्या सुमारास तो कसाबसा वैद्यीणबाईंच्या दारात गेला.

"मावशी, ताप आलाय," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि नाक मुरडले. "हा ताप मडक्यातला आहे. बस खाली."

त्यांनी पाण्यात मीठ, गूळ घातला, लिंबू पिळले. "गटागटा पिऊ नकोस. घोट घोट घे. देह सुकलाय तुझा." मग तांदळाची पातळ पेज मीठ घालून पुढे ठेवली. "पेज पोटात टिकली की संध्याकाळी ताकभात खा, एखादं केळं खा. तेलकट, तिखट नको. आणि काट्यानं काटा काढायला पुन्हा मडक्याकडे तर मुळीच जाऊ नकोस! यानं अंगाला आधार मिळेल. बाकी उतार पडायचा तो वेळानंच पडतो, त्याला औषध नाही."

अर्धे भांडे पेज पोटात गेल्यावर नावाड्याला बरे वाटले. त्याने कानाचे फडके सोडले, कापूस काढला. सगळीकडे शांतता होती.

"मावशी, काय गुण आहे तुमच्या पेजेला! सकाळपासून डोक्यात थाळी वाजत होती. बंद झाली बघा."

बाईंचा हात थांबला. "थाळी? अरे, ती तर मलाही ऐकू येत होती. म्हटलं, आपला नावाडी आहे, गेलाच असेल. मला वाटलं, तू तिकडूनच आलास."

नावाड्याच्या तोंडातला घोट तोंडातच राहिला.

तो धावत काठावर गेला, पण त्याला वल्हे हातात धरवेना. जाळे सुकवणाऱ्या कोळणीने ते काढून घेतले. "हो बाजूला. आम्हालाही बुडवशील," ती म्हणाली. वैद्यीणबाई मीठ, गूळ आणि उरलेल्या पेजेचे भांडे घेऊन नावेत बसल्या. आपल्याच नव्या नावेत नावाडी उतारूसारखा कोपऱ्यात बसला. मधेच त्याच्या मनात आले, अर्धे भांडे आपणच रिकामे केले आहे.

पलीकडे वाळूत एक बाई आपल्या लहान मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलीला रात्रीपासून जुलाब होत होते. पाण्याने ते वाढतील, या भीतीने आईने तिला थेंबही दिला नव्हता. मुलीचे डोळे खोल गेले होते. आईच्या तळहातांना फोड आले होते.

वैद्यीणबाई वाळूतच बसल्या. आधी मीठ-गुळाचे पाणी, मग पेजेचे पाणी, चमचा चमचा. ऊन उतरायला लागले, तेव्हा मुलीने डोळे उघडले आणि "आई, अजून," म्हणाली.

आई रडली. मग डोळे पुसून तिने नावाड्याकडे पाहिले. "दादा, तुम्हाला बरं नव्हतं का? मी शेजारणीला तेच म्हटलं, दादा पडून असतील. नाहीतर ते आल्याशिवाय राहायचे नाहीत."

नावाड्याने वैद्यीणबाईंकडे पाहिले. त्या मुलीला चमचा भरवत राहिल्या. त्याने नुसती 'हो' म्हणून मान हलवली असती, तरी ते खपून गेले असते.

"नाही, ताई," तो म्हणाला. "मी आजारी नव्हतो. मी प्यायलो होतो. थाळी ऐकली, आणि कानात कापूस घातला."

आई रागावली नाही. रागावली असती, तर त्याला सोपे गेले असते. तिने फक्त मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतले आणि ती घराकडे वळली.

मुलगी वाचली. नावाड्याने पुढे मोहाची ती एक ओंजळही घेतली नाही. पण पलीकडची माणसे नावेत पाय ठेवण्याआधी क्षणभर थांबायची आणि त्याच्या डोळ्यांत बघायची. तोही मान खाली न घालता त्यांना बघू द्यायचा. आता तो त्यांचा हक्क होता.

तात्पर्य : नशेने सुकलेला देह पेजपाण्याने सावरतो, गेलेला विश्वास कोणत्याही पथ्याने लवकर भरून येत नाही.