तिळी मुंगीचं दार

तिळी मुंगी साखरेचा कण घेऊन घरी आली. बघते तर काय, दारच नाही. दारावर अस्वलआजोबा बसलेले. धप्प.

आत तिचा धाकटा भाऊ, कणू. तो आतून दार वाजवत होता. टुक टुक, टुक टुक.

"आजोबा, आजोबा, उठा."

आजोबा म्हणाले, "गुडघे कुरकुरतात गं. डॉक्टर सांगतील तरच उठेन."

तिळी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. भेटले बगळे डॉक्टर.

"डॉक्टर, डॉक्टर, सांगा. आजोबा उठेनात, दार उघडेना, कणू आत अडकला."

डॉक्टर म्हणाले, "नुसतं सांगून ते उठत नाहीत, बाळ. सोबत हवी. कासवकाका चालतील तरच सांगेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. भेटले कासवकाका.

"काका, काका, चला. डॉक्टर सांगेनात, आजोबा उठेनात, दार उघडेना, कणू आत अडकला."

काका म्हणाले, "वाटेत काटेच काटे. खारूताई झाडेल तरच चालेन."

तिळीच्या पायांना मातीतून कळलं. टुक टुक हळू झालं होतं.

तुरुतुरु, तुरुतुरु. भेटली खारूताई.

"ताई, ताई, झाड. काका चालेनात, डॉक्टर सांगेनात, आजोबा उठेनात, दार उघडेना, कणू आत अडकला."

ताई म्हणाली, "शेपटी ओली गं. वारा वाळवेल तरच झाडेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. भेटला वारा.

"दादा, दादा, वाळव. ताई झाडेना, काका चालेनात, डॉक्टर सांगेनात, आजोबा उठेनात, दार उघडेना, कणू आत अडकला."

वारा खाली वाकला. मातीला कान लावला.

टुक.

मग काहीच नाही.

सूं सूं सूं. वारा सुटला.

वाऱ्यानं शेपटी वाळवली. ताईनं वाट झाडली. काका चालू लागले. डॉक्टर आजोबांशेजारी टेकले. रागावले नाहीत. हळूच विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय आवडतं?"

"जांभळं. पण झाड लांब आहे."

"काकांच्या चालीनं जा. दुखलं तर थांबा. आज निम्म्या वाटेपर्यंतच."

काका वाटेत थांबून राहिले होते.

आजोबा हलले. आजोबा कण्हले. आजोबा उठले.

दार उघडलं. आत काळोख. तिळीनं हाक मारली, "कणू?"

टुक.

कणू डोळे चोळत बाहेर आला. तिळीनं साखरेचा कण त्याच्या तोंडात घातला.

आता आजोबा रोज काकांबरोबर जांभळाकडे जातात. दमले की बसतात. पण बसण्याआधी वाकून विचारतात, "तिळे, इथे खाली कुणाचं दार नाही ना?"