खिरणीच्या एकवीस बिया

एकदा एका डोंगरवाडीतलं खिरणीचं शेवटचं झाड, फळं पिकण्याआधीच, वादळात उन्मळून पडलं. मागे राहिल्या त्या गेल्या वर्षीच्या एकवीस बिया. वाडीत रानझाडांची रोपं करणारे एक वृद्ध होते. त्यांची शिष्या सगुणा हिने त्या बिया डाळीच्या बियाण्यासारख्या पत्र्याच्या डब्यात, चुलीवरच्या फळीवर जपल्या होत्या.

नदीपलीकडच्या रानात खिरणीची दोन झाडं होती. तिथली फळं माकडं संपवत आली होती, आणि पाऊस लागला की नदी चार महिने कुणाला ओलांडू देत नसे. डब्यातल्या बिया मेल्या असतील तर ताज्या बियांसाठी त्याआधी पलीकडे जायला हवं, हे सगुणा जाणून होती. तरी महिनाभर तिने डबा उघडला नव्हता. नुसता हलवून पाही. आत वाजलं की तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडे.

एके सकाळी वृद्धांनी अडकित्ता काढला. "आण गं तो डबा. पाच फोडून बघू."

तिने डबा आणला, पण हातातून सोडला नाही. "बाबा, फोडायच्याच तर ह्या बारक्या फोडा की. टपोऱ्या राहू द्या."

बाबांनी सगळ्या बिया सुपात कालवल्या, डोळे मिटले आणि हाताला येतील त्या पाच उचलल्या. त्यांत तीन टपोऱ्याच आल्या.

"अहो, बघून तरी घ्या!"

कट्. आत काळी भुकटी. कट्. पिवळा पडलेला, खवट गर. तिसरीही तशीच. सगुणाने त्यांचं मनगट धरलं. "पुरे बाबा. माझ्या हातनं मेल्या का हो?"

"दोन राहिल्यात," एवढंच बोलून त्यांनी अडकित्ता तिच्या हाती दिला. तिने त्या फोडल्या. एकीतही जिवंत बीचा पांढरा गर नव्हता.

फुटक्या बिया बाजूला सारून बाबा म्हणाले. "बारक्या फोडल्या असत्या, तर तू म्हणाली असतीस, त्या बारक्याच होत्या. भीती आपली आवडती बी मागे लपवते आणि वर परीक्षा झाली म्हणून सांगते. म्हणून मी डोळे मिटले. डाळ सुकून टिकते, खिरणी सुकून मरते; हे मी तुला सांगायला हवं होतं, ती चूक माझी. उरलेल्या सोळा ओल्या पोत्यात घालू. एखादी रुजेलही. पण त्या एखादीच्या भरवशावर नदी भरेपर्यंत थांबायचं नाही."

"पलीकडं माकडांनी काही ठेवलं असेल का?"

"मला काय ठाऊक! माकडांना विचार."

सगुणाला हसू आलं नाही. तिने टोपलीत ओली वाळू भरली, भाकरी बांधली आणि नदीचा उतार धरला. छातीतली धडधड थांबली नव्हती. फक्त ती भीतीची आहे, हे आता तिला ठाऊक होतं.